विहीणबाई वाचत होत्या

"मॅडम, आता लेखकालेच फिरावं लागते," असं म्हणून प्रकाशकानं पुस्तकांचे गठ्ठे माझ्या अमरावतीच्या घरी आणून टाकले. फिरा म्हणे! रिटायर झालेली मास्तरीण गुडघ्याला तेल चोळत घरी बसते, अन् मी आपली पुस्तकाची जाहिरात करत गावभर. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मुखपृष्ठ टाकलं, लोकांनी रोज फुलं पाठवली. फुलं पाठवणाऱ्या एकानंही पुस्तक मागितलं नाही. कॉलेजच्या लायब्रऱ्यांत गेले, तर म्हणाले, एक प्रत भेट देऊन जा. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मैदानात स्टॉलवर बसले, तर लोक माझ्या पुस्तकावर कोपर टेकवून बाजूचं पुस्तक चाळायचे. असा संताप यायचा, की वाटायचं, त्यांच्या कोपराखालून पुस्तक ओढून घ्यावं.

माहेरच्या आठवणींचं पुस्तक होतं ते. त्यात एक प्रकरण ताईचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, अकोल्याला असते. भाऊजींच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं, अंजनगाव सुर्जीला. तिथं मार खाऊन ती एका दुपारी एकटीच एसटीनं परत आली, आणि बाबांनी दार उघडलं नाही. आईनं तिला मागच्या दारानं आत घेतलं. भाऊजींना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यांच्या लेकीला कधी कोणी सांगितलं नाही. आता मी काही चोरून छापणारी बाई नव्हे. छापायच्या आधी ते प्रकरण मी ताईला वाचायला पाठवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "वाचलं वं. छान लिहिलं. छाप."

पुढं ताईच्या लेकीचं लग्न जमलं. आमच्या बौद्ध घरांत लग्नात पुस्तकं द्यायची रीत आहे. शेला-टॉवेल देण्यापेक्षा पुस्तक बरं, घरात राहतं. ताई म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं काहून देऊ? माह्या बहिणीचंच देतो. पोरीच्या सासरच्या हरेक घरी पोचन." मला तर आभाळ ठेंगणं झालं. एका लग्नात एवढी घरं! शिवाय मनात आलं, काय धीराची बाई आहे, स्वतःचं जुनं दुःख स्वतःच्या हातानं वाटायला निघाली.

लग्नाच्या दिवशी अकोल्यात मरणाचं ऊन होतं. हॉलमध्ये कूलर नुसतेच घरघरत होते. ताई पांढरी साडी नेसून दाराशी उभी, वरपक्षाचा माणूस आला की एक फूल आणि एक पुस्तक. मी तिच्या कानाशी लागले. "ताई, तुझी हिंमत मानली. तुझ्या प्रकरणासकट वाटून राहिली."

"माह्या कोणत्या प्रकरणासकट?"

"अंजनगावच्या."

तिचा हात पुस्तकासकट हवेतच थांबला. समोरच्या म्हाताऱ्यानं ते आपणच काढून घेतलं आणि आत गेला. "तू ते लिहिलं?" ताई म्हणाली.

"तुले वाचाले पाठवलं होतं ना! छान हाये म्हटलं ना तू!"

"अवो, तुह्या सगळ्यालेच मी छान म्हणतो. वाचते कोण?"

घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात, ते काय खोटं नाही. पण रागवायलाही वेळ नव्हता. मी विचारलं, तिकडच्या लोकांना सांगितलं आहे का? तिनं नाही म्हणून मान हलवली. पोरीलाच सांगितलं नव्हतं, तिथं सासरच्यांना कोण सांगतं!  माझा दंड धरून ताई म्हणाली, "त्याईनं हे असं पुस्तकात वाचलं, तं खोटी माणसं म्हणून उठून जातीन ते. माह्या पोरीचं लग्न मोडलं, तं मी तुह्यं तोंड पाहणार नाही." आणि तिनं खरंच नसतं पाहिलं. ताई बोलते ते करते.

मग सुरू झाली उलटी वरात. ज्या पुस्तकासाठी मी दारोदार हिंडले, तेच गोळा करत मी खुर्च्या-खुर्च्यांमधून फिरू लागले. "छपाईत चूक झाली हो, पानं खालीवर लागली. नवीन प्रत घरी पाठवतो." भाऊजी दुसऱ्या बाजूनं. लग्नाआधीची वंदना सुरू व्हायला थोडाच वेळ होता. कोणी पुस्तकानं वारा घेत होतं. एका बाईनं त्यावर पोराला बसवलं होतं. पातूरच्या एका पाव्हण्यानं तर शिल्लक बुंदी त्यावर ठेवली होती. सगळ्यांनी हसत-हसत परत दिली. एकानंही उघडलं नव्हतं! जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी असं झोंबलं, की काय सांगू. मेल्यांनो, एक पान तरी उलटायचं!

इतक्यात भाऊजी आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. म्हणाले, "सगळे पुस्तकं जमले. फक्त विहीणबाईचं राहिलं. त्या खोलीत वाचत बसल्या."

वाचत बसल्या! मी तशीच त्या खोलीकडं धावले.

नवऱ्या मुलाची आई म्हणजे रिटायर नर्स. बोलणं मोजकं, नजर अशी की इंजेक्शन दिल्यासारखी. वरपक्षाच्या खोलीत बाकीच्या बाया गजरे माळत होत्या आणि या पंख्याखाली चष्मा लावून, बोटानं ओळ धरून वाचत होत्या. मी पानं खालीवर लागल्याचं सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "बराबर लागले पानं. बसा. एवढं होऊ द्या." मी बसले. ताईचंच प्रकरण होतं, उघड्या पानावरच्या मथळ्यावरून मला बसल्या जागी दिसलं. एवढ्या महिन्यांत माझं पुस्तक मन लावून वाचणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. लाज वाटते सांगायला, पण त्या भीतीतही एका वाक्याशी त्या थबकल्या, तर मला वाटलं, कोणतं असेल?

त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. गजरेवाल्या बायांना म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं." बाया गेल्या. मग माझ्याकडं पाहून, "हे तुमची अकोल्याची बहीण ना? आमच्या सुनेची आई?"

बाहेर माईकवर लग्न लावणारे बौद्धाचार्य बोलावत होते, वधूच्या आईनं मंचावर यावं. मी म्हणाले, "तसं लेखक थोडं मनानं बी..."

"मीच हाये ते." दारात ताई उभी होती.

विहीणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमाले काहून नाही सांगतलं?"

"भेव वाटलं."

"पोरीले तरी?"

"तिलेबी नाही."

"अशा पोरी दवाखान्यात मी लई पाह्यल्या. त्याचं मले काही नाही," विहीणबाई म्हणाल्या. "पण लपवणारं घर मले चालत नाही." आणि त्यांनी पुस्तक ताईपुढं धरलं. "घ्या. काय वाटून राहिल्या ते तुमी तं वाचा."

ताई पलंगाच्या कडेला बसली आणि वाचू लागली. माईकवर पुन्हा पुकारा झाला. कोणी दार वाजवलं, विहीणबाईंनी "थांबा" म्हणून ओरडून परत पाठवलं. मला ताईचा चेहरा पाहवेना आणि दुसरीकडं पाहता येईना. तिनं शेवटचं पान वाचलं, परत मागं गेली, एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे चूक हाये."

"काय चूक?"

"'ती दारात रडत उभी राहिली.' मी कवा रडली?"

"मी शाळेत होती ताई त्या दुपारी. आईनं सांगतलं तसं लिहिलं."

"आईनं झाकलं मंग. मी दाराले लाथ मारली होती. अशी मारली, का दाराची फळी तडकली. बाबाले सुतार बोलवा लागला."

विहीणबाईंनी चष्मा काढला. "तुमची पोरगी बी तुमच्यावरच गेली का? उद्या माह्या दाराले लाथ मारन?"

मी ताईला डोळ्यांनी खुणावलं. नाही म्हण, माझे आई, एवढ्या वेळेला नाही म्हण! 

ताईनं पदरानं गळ्याचा घाम टिपला. "बंद करसान, तं मारन."

 विहीणबाईंनी पुस्तक उचलून पर्समध्ये टाकलं, उठल्या, निऱ्या सारख्या केल्या. "पोरीले आधी सांगून या," त्या म्हणाल्या. "तिनं हे माह्या घरी येऊन वाचू नये. तवरक मी वंदना थांबवतो."

ताई नवरीच्या खोलीकडं निघाली. मीही तिच्या मागं निघाले. तिनं वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तिथंच थांबवलं.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "हे मी सांगतो."