‘म’नंतरची अक्षरं

बनारसमध्ये दूधविनायकाच्या गल्लीत वेणीमाधव पेंटरचं घर विचारलं, की कोणीही बोटानं दाखवायचं. त्यांचे वडील ब्रह्मा घाटावर वेद शिकवत. मुलाच्या मात्र ते काही गळी उतरलं नाही. संथा सोडून तो पाटीवर पोपट काढत बसायचा. शेवटी वडिलांनीच त्याला चौकातल्या एका पेंटरकडे नेऊन सोडलं. पुढची चाळीस वर्षं वेणीमाधवांनी दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांचे बोर्ड आणि राजा घाटाला लागणाऱ्या होड्यांवरची नावं रंगवली. फ्लेक्स आला तसे दुकानदार गेले, होडीवाले तेवढे राहिले.

बायको अन्नपूर्णा मध्य प्रदेशातल्या सागरची. दर रविवारी एका मठाच्या ओसरीवर ती आसपासच्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवायची. कोरोनानंतर वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा अकरा मुलं उरली होती, आणि ती अकराही आपसांत हिंदीच बोलत. एकदा तिनं फळ्यावर ‘घटना’ लिहून अर्थ विचारला. एका मुलीनं सांगितलं, “एक्सीडेंट.” अन्नपूर्णा खूप हसली. पण ज्या घटनेवर देश उभा आहे ती या मुलांना आपल्या भाषेत ठाऊकच नाही, याचं तिला घरी आल्यावर वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी तिनं ठरवलं, मुलांसाठी मुळाक्षरांचं एक पुस्तक करायचं. हा देश कसा घडला त्यातला एकेक शब्द एकेका अक्षराला, आणि समोर चित्र. शब्द तिचे, चित्रं नवऱ्याची.

सोमवारी ती शब्द द्यायची, शनिवारपर्यंत पान तयार व्हायचं. अ असहकाराचा, ख खादीचा, घ अर्थातच घटनेचा. झेंड्याच्या पानावर वेणीमाधवांनी खांबावर फडकणारा झेंडा काढला, तर तिनं विचारलं, तो शिवला कोणी? मग त्यांनी शिलाई मशीनवर बसलेली बाई काढली. आयुष्यभर गिऱ्हाइकानं सांगितलं ते निमूट रंगवणाऱ्या माणसाला असा वाद घालायला मिळाला, आणि तो त्यांना आवडू लागला.

‘प’ चालू असताना अन्नपूर्णाच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी वेणीमाधवांना बाहेर बोलावून घेतलं. कॅन्सर बराच पसरला होता. पुण्याहून मुलगी मालविका आली, महिनाभर राहिली. अन्नपूर्णा पलंगावर वही घेऊन पडून असायची आणि दुखणं जरा कमी झालं की पुढचा शब्द लिहायची. ‘फ’ला तिनं फाळणी लिहिलं.

वेणीमाधव म्हणाले, लहान मुलांच्या पुस्तकात हे नको, फ फेट्याचा घेऊ. तिनं डोळे उघडले.

“मुलांना घाबरवू नका. पण खोटंही सांगू नका.”

त्यांनी तीन चित्रं काढून फाडली. चौथ्यात एक बाई काढली. पाठीमागे कुलूप लावलेलं घर, आणि परत येऊ या भरवशावर गळ्यात अडकवलेली किल्ली. अन्नपूर्णा ते पान बराच वेळ हातात धरून होती. मग म्हणाली, “हेच.”

त्यानंतर तिनं एकही पान पाहिलं नाही. कार्तिकात ती गेली.

वहीत शेवटचा शब्द होता, म मिठाचा. त्याखाली तिनं ‘य’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरं लिहून ठेवली होती, प्रत्येकापुढची ओळ कोरी. वेणीमाधवांनी वही मिटली, ब्रश धुऊन ठेवले. होड्यांची कामंही घेईनात.

वर्ग आता नीरजा चालवत होती. नोकरीनं बनारसला आलेली ही बँकेतली अधिकारी. तिची मुलगी स्वरदा त्याच वर्गात. एक दिवस नीरजा घरी आली आणि म्हणाली, “काका, मुलं विचारतात, पुढचं अक्षर कधी येणार?”

“शब्द तिचे होते,” ते म्हणाले. “मी पेंटर. मला कोणी सांगितल्याशिवाय काढता येत नाही.”

नीरजानं आग्रह केला नाही. ती गेल्यावर मात्र ते कोऱ्या ओळींकडे बघत बसले. त्यांना आजीची हकिगत आठवली. स्वतंत्र देशातल्या पहिल्या निवडणुकीसाठी नावं लिहायला माणूस दारात आला, तेव्हा आजीनं परक्या पुरुषाला नाव सांगायचं कसं म्हणून ‘विश्वेश्वरची आई’ एवढंच लिहवून घेतलं. असल्या नावावर मत देता येत नाही, म्हणून ती मतदारयादीतून वगळली गेली. अन्नपूर्णा ही हकिगत वर्गात सांगायची आणि दर वेळी चिडायची.

‘य’पुढे वेणीमाधवांनी लिहिलं, यादी. आयुष्यात स्वतः निवडलेला हा त्यांचा पहिला शब्द. पानभर त्यांनी मतदारयादी रंगवली. सगळ्यांत वर आजीचं नाव, भागीरथी. खाली आणखी बायकांची नावं, जशी आठवतील तशी. शेवटी थोडी जागा उरली, तिथं त्यांनी अन्नपूर्णा लिहिलं. त्या निवडणुकीच्या वेळी ती जन्मलीही नव्हती. तरी त्यांनी ते राहू दिलं.

पुढची पानं पुरी व्हायला वर्ष गेलं. मालविकानं पुण्यात चाळीस प्रती छापून घेतल्या. प्रतींचं खोकं आलं तोवर वर्ग बंद पडला होता. नीरजाची कानपूरला बदली झाली होती आणि मुलांना रविवारीही शिकवण्या असत. वेणीमाधव पिशवी घेऊन घरोघर निघाले. एका दाराला कुलूप होतं. ते लोक नोएडाला गेले होते. एका घरी मुलाच्या आईनं हिंदीत अदबीनं बसवलं, चहा दिला आणि पुस्तक टीव्हीवर ठेवलं.

शेवटी ते नीरजाकडे गेले. तिचं सामान बांधून झालं होतं. स्वरदानं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं आणि ‘चळवळ’ या शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “चलवल.”

अन्नपूर्णा असती तर तिनं पोरीला समोर बसवून दहा वेळा ‘ळ’ म्हणायला लावलं असतं. वेणीमाधवांच्या ओठांवर ते आलंही. पण पोरगी हरखून पान उलटत होती, आणि दारात टेम्पो उभा होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उरलेल्या प्रतींची पिशवी उचलली आणि सावकाश जिना उतरू लागले.