घुबडाच्या डोळ्याखालची चीर

देवदाराच्या त्या उथळ खणांना एक वास होता: लाकडाचा, जुन्या मखमलीचा आणि काशीच्या संकठा घाटावरून वर चढणाऱ्या ओलीचा. खण ओढला की बाबांचा आवाज आपोआप खाली येई, देवघरात येतो तसा.

बाबा विद्यापीठात प्राचीन नाणी शिकवत. ग्रीकांची चांदीची नाणी हा त्यांचा विषय, आणि त्यांतले एक त्यांचे दैवत: अथेन्सचे, एका अंगाला देवीचे मुख, दुसऱ्या अंगाला घुबड. तरुणपणी पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या सराफाच्या दगडी पायरीवर त्यांनी ते टाकून पाहिले, आणि ते खणखणीत वाजले. खऱ्या नाण्यासाठी आपल्या भाषेत हाच शब्द आहे. काशीत जन्मलेला मराठी माणूस त्या शब्दावर विसंबला.

पुढे त्यांनीच वर्गात शिकवले की दोन हजार वर्षांत चांदी आतून ठिसूळ होते, तिचा आवाज बसतो. फार सुरेल वाजणाऱ्या ग्रीक नाण्यावर संशय घ्यावा. तरीही दरवर्षी पहिल्या तासाला, अस्सल नाणे कसे असते ते दाखवायला, ते घुबडच खिशातून घेऊन जात. वर्गात ते कधी वाजवीत नसत. घरी क्वचित, बंद दाराआड, एकदाच ऐकू येई.

“एका घरात दोन उल्लू कशाला?” आई विचारायची.

“दुसरा कोण, ते तू ठरव.”

“ते लग्नातच ठरलं.”

गेल्या हिवाळ्यात बाबांची दृष्टी पुरती गेली होती आणि हृदय थकत चालले होते. आई नव्हती. डोळे मिटण्याआधी संग्रह संग्रहालयाला द्यायचा, एवढाच त्यांचा ध्यास. मी प्रत्येक नाणे भिंगाखाली धरायचे, त्यांनी सांगायचे, मी चिठ्ठी लिहायची. पडताळणीसाठी संग्रहालयाने ओळखल्या गेलेल्या बनावट नाण्यांची छायाचित्रे पाठवली होती. त्यांत एक घुबड होते. त्याच्या डाव्या डोळ्याखाली केसासारखी बारीक, तिरपी चीर होती.

आमच्या घुबडालाही ती होती. तीच जागा, तोच कल, तेवढीच लांबी. एकाच ठशाची दोन नाणी बहिणी असू शकतात. पण प्रत्येकीला आयुष्यात झालेली जखम वेगळी. दोघींच्या अंगावर तीच जखम असली, तर ती दोघींचीही नव्हे; कुण्या तिसरीच्या अंगावरून साचा घेऊन दोघी उतरवलेल्या. हे मला बाबांनीच शिकवले होते. खिडकीतून जानेवारीचे फिकट ऊन येत होते.

“काय गं, गप्प का?”

“भिंग पुसतेय.”

“किती पुसशील? झिजेल ते. लिही: अथेन्स, चांदी, अस्सल.”

त्यांचे कितीतरी विद्यार्थी या एका नाण्यावरून खरे ओळखायला शिकले होते. मी लिहिले. अस्सल या शब्दावर शाई थोडी फुटली.

“लिहिलंस?”

“लिहिलं, बाबा.”

“आता वाजव एकदा.”

दुसऱ्या कुणाला त्यांनी ते वाजवायला कधी सांगितले नव्हते. मी घुबड त्यांच्या रजईवर ठेवले, शेजारच्या कप्प्यातले बॅक्ट्रियाच्या ग्रीकांचे एक झिजलेले चांदीचे नाणे उचलले, ज्याच्या खरेपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि खिडकीच्या दगडावर सोडले. आवाज आखूड, भरड आला, रडून घसा बसलेल्या माणसासारखा.

“ऐकलंत? किती बसलाय. जुनी चांदी.”

मग त्यांचा हात रजईवरून चाचपडत निघाला, घुबडापाशी आला, थांबला. अंगठा डोळ्याखालच्या चिरेवरून हळूहळू फिरला. ती वाट त्याला पाठ होती. त्यांनी मूठ मिटली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. दुसऱ्या हाताने माझे मनगट शोधले, धरले, आणि मी लहान असताना म्हणत तसेच, फक्त फार हळू, म्हणाले,

“लबाड.”