कान शिवलेला हत्ती

लहानपणी मी आगाऊ होतो. साठी आली तरी फारसा फरक नाही, असं बायको म्हणते. पण तेव्हाचा आगाऊपणा वेगळा होता. वर्गात पहिला नंबर यायचा आणि त्याचा मला भयंकर माज होता.

माझे वडील, अण्णा, तंबूतल्या टॉकीजमध्ये इंग्रजी पिक्चर समजावून सांगायचे. हे इथे अमेरिकेत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. जत्रेत तंबू लागायचा, आणि इंग्रजी पिक्चर असला की अण्णा पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहून, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून गोष्ट सांगायचे. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण तीन-चार खेळ बघितले की ते गोष्ट जुळवायचे, आणि अशी सांगायचे की बायका पदराने डोळे पुसायच्या.

त्यात हॉलिवुडचा एक जंगलाचा पिक्चर दरवर्षी यायचा. काळा-पांढरा, अण्णांच्याही जन्माआधीचा. एक साहेब हरवलेल्या भावाला शोधत आफ्रिकेच्या जंगलात शिरतो. नदीत मगरी, झाडीत सिंह, आणि शेवटी हत्तींचा कळप धावून येतो. पब्लिक हत्तींची वाटच बघत बसलेलं असायचं.

मी अकरा वर्षांचा असताना एका खेळाला हत्ती आले, आणि अण्णा गोष्ट सोडून भलतंच बोलायला लागले. “मंडळी, जंगल आफ्रिकेचं म्हणतात, पण हत्ती आपल्याकडचे आहेत बरं का! पाठ बघा, कशी कमानीसारखी आहे. कपाळावर दोन टेंगळं बघा. कान तेवढे वरून शिवलेत!”

अण्णांना हत्तीतलं कळायचं. माझे आजोबा संस्थानच्या हत्तीखान्यात माहूत होते, अण्णा हत्तीच्या पोटाखाली खेळून मोठे झालेले. पण मला हत्तीखान्याचं काय कौतुक? मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, “अण्णा, चूक! आफ्रिकेच्या हत्तीचे कान मोठेच असतात. भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय!”

तंबूत एकच हशा पिकला. शिट्ट्या वाजल्या. “पोरानं बापाची शिकवणी घेतली रे!” कुणीतरी ओरडलं. अण्णांनी कर्णा खाली केला, माझ्याकडे बघितलं, आणि परत वर उचलला. “पोरगं शिकतंय माझं,” ते म्हणाले. “त्याचंच बरोबर असणार. हत्ती आफ्रिकेचेच आहेत, मंडळी.”

पुढचे दोन दिवस अण्णांनी तोंड उघडलं की पब्लिक ओरडायचं, “आधी पोराला विचार!” तिसऱ्या दिवशी मालकाने कर्णा काढून घेतला आणि अण्णांना दारावर तिकिटं फाडायला उभं केलं. नंतर अण्णांनी कधीच पिक्चर सांगितला नाही. घरीसुद्धा नाही. मी मात्र आठवडाभर शाळेत छाती काढून फिरत होतो. गाढव होतो, दुसरं काय!

मोठा झाल्यावर आपण काय करून बसलो ते कळलं, पण बोलायची हिंमत झाली नाही. बापाला सॉरी म्हणायची आमच्याकडे रीतच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी मला अजून वाटायचं, की चुकले अण्णाच होते. वागलो वाईट, पण भूगोल तरी बरोबर होता! तेवढा एक आधार धरून मी पन्नास वर्षं काढली.

आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडे, अमेरिकेतल्या कॅरी गावात असतात. पांढरे स्नीकर्स घालून सकाळी फेरी मारतात, आणि समोर येईल त्याला “हॅलो” म्हणतात. गेल्या वसंतात माझी मुलगी, जी व्हिडिओ एडिटिंग करते, उड्या मारतच घरी आली. लायब्ररीत रविवारी दुपारी जुना जंगलपट दाखवणार होते, आणि नंतर तो बनवणाऱ्यांपैकी एकाची मुलगी बोलणार होती. पोरीने फोनवर पोस्टर दाखवलं. तोच पिक्चर!

“आजोबांना बोअर होईल. कॅन्सल करू,” मी म्हटलं.

“नो वे, डॅड. ही वर्क्ड इन द मूव्हीज!”

हो, दारावर, मी मनात म्हटलं.

लायब्ररीत पंचवीस-तीस माणसं होती. अण्णा स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसले, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पोरगी. मी त्यांच्या कानात हळूहळू गोष्ट सांगत होतो, आणि ते मान हलवत होते. हत्ती आले तेव्हा मी खाली बुटांकडे बघायला लागलो. अण्णा पुढे वाकून हत्ती बघत होते.

पिक्चर संपला आणि ऐंशीच्या पुढची एक बाई काठी टेकत समोर आली. तिचे वडील स्टुडिओत जनावरांच्या खात्यात कामाला होते. आफ्रिकेला कुणी गेलंच नव्हतं, ती हसत म्हणाली. जंगल कॅलिफोर्नियातलं, वेली दोरखंडाच्या, नदी म्हणजे खणलेलं तळं. मग तिने पडद्यावर एक फोटो लावला. शिडीवर उभा राहून एक तरुण हत्तीच्या डोक्याला भला मोठा खोटा कान बांधत होता. “दॅट्स माय डॅडी,” ती म्हणाली. हत्ती सर्कशीतले, भारतातले होते. कान तिच्या वडिलांनी स्वतः शिवले होते.

ती ज्या कौतुकाने बापाच्या फोटोकडे बघत होती ते मला बघवेना. अण्णा फोटोकडे टक लावून होते. “काय म्हणते रे बाई?” त्यांनी विचारलं.

काही नाही, जुना फोटो दाखवतेय, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. जिभेवर आलंही होतं. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. मी उठून उभा राहिलो. भर लायब्ररीत मी इंग्रजीत सांगितलं, की माझ्या वडिलांनी हे पन्नास वर्षांपूर्वी एका तंबूत सांगितलं होतं, मी चारचौघांत त्यांना खोटं पाडलं, आणि त्यांचं काम गेलं. एवढं सांगून खाली बसलो. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्या बाईने काठी बगलेत धरली आणि अण्णांसाठी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

“वेट, आजोबा वॉज राइट?” पोरगी रडायलाच लागली.

“काय सांगितलंस एवढं?” अण्णा म्हणाले.

मी मराठीत सगळं सांगितलं. “हत्ती आपलेच होते, अण्णा. कान शिवलेलेच होते. माझं चुकलं.”

“मला माहीत होतं की.”

“मग तेव्हा माझं बरोबर असं का म्हणालात? तुमचा कर्णा गेला त्यापायी!”

अण्णांनी स्वेटरची बटणं लावली. “अरे लेका,” ते म्हणाले, “तू पहिल्यांदाच एवढ्या लोकांत उभं राहून बोलला होतास. खाली कसा बसवू तुला?”