एकाच मापाचा पाइप

नव्वदच्या दशकात मी दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत भूजलाचं काम करत होते आणि गाझियाबादला एका खोलीत भाड्याने राहत होते. दिवसभर हिंदी बोलायचं. मराठी फक्त रविवारी, एसटीडी बूथवरून आईशी. कधी कधी पहिलं वाक्य तोंडात हिंदीतच यायचं आणि आई काळजीने विचारायची, "बरी आहेस ना?"

वर्षातून चारदा शहराबाहेरच्या ठरलेल्या विहिरींची पातळी मोजायला जावं लागे. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा आणि वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते बघायचं. त्यातली एक विहीर एका म्हातारीच्या अंगणात होती. तिच्या मुलांनी उसाचं शेत बिल्डरला विकलं आणि सगळे फ्लॅटमध्ये राहायला गेले. ही मात्र गेली नाही. मी आले की खाट ओढून द्यायची, ताक पुढे करायची. दर खेपेला टेप थोडा जास्त सोडावा लागे. ती काही विचारायची नाही, नुसती बघत राहायची.

त्याच सुमारास पुढच्या पंचवीस वर्षांच्या पाण्याच्या नियोजनाचा मसुदा माझ्याकडे आला. किती लोक येतील, पाऊस कसा पडेल, नदीतला वाटा किती मिळेल, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून मी तीन शक्यता मांडल्या आणि प्रत्येकीचा वेगळा हिशोब दिला. साहेबांनी शांतपणे वाचलं.

"मॅडम, तीन भविष्यं घेऊन मी मीटिंगला जाऊ?"

"एकच लिहिलं तर ते चुकणार, सर."

"चुकू दे. पाइप शेवटी एकाच मापाचा टाकावा लागतो."

माणूस वाईट नव्हता. मी मधली शक्यता ठेवली आणि बाकीच्या दोन काढल्या. याबद्दल बोलायला कचेरीत कुणी नव्हतं आणि खोलीवर तर नव्हतंच.

मे महिन्यात म्हातारीच्या विहिरीतून टेप कोरडा वर आला. मी पुन्हा सोडला. या वेळी तळाशी टेकल्याचा आवाज आला.

"सूख गया," ती म्हणाली. मग अंगणातल्या हातपंपाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा मी असेपर्यंत टिकेल का, बेटी? खरं सांग."

"खरं म्हणजे सांगता येत नाही, अम्मा. दहा वर्षं टिकेल, दोनच टिकेल, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यातही बंद पडेल."

ती चिडेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "मग तिन्ही धरून चालायला हवं."

नोव्हेंबरात गेले तेव्हा छपराला पन्हळ लावलेली होती आणि खाली हौद बांधलेला होता. दोन म्हशींपैकी एक तिने देऊन टाकली होती. थोरल्या मुलाला निरोप धाडला होता: हातपंप बंद पडला की येईन, तोवर नाही, पण एक खोली माझ्यासाठी ठेव.

परतल्यावर मी काढून टाकलेल्या दोन्ही शक्यता पुन्हा लिहिल्या. पातळी कुठवर उतरली की काय करायचं, तेही प्रत्येकीखाली लिहिलं, आणि कागद साहेबांपुढे ठेवले.

"परिशिष्टात टाका," ते म्हणाले.

ते छापलं गेलं, अगदी शेवटच्या पानांवर. त्यावर मला कुणीही, कधीही, एकही प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात हातपंप बंद पडला. म्हातारी ठरल्याप्रमाणे मुलाकडे गेली. विहीर कोरडीच राहिली होती, म्हणून तिचा नंबर मी यादीतून खोडला. त्या गावाला जायचं कारण उरलं नाही, तरी एका सुट्टीच्या दिवशी पत्ता शोधत मी तिच्या मुलाच्या फ्लॅटवर गेले. चौथा मजला. सुनेने चहा दिला आणि ती आत निघून गेली. आम्ही दोघी बाल्कनीत बसलो.

"तुझं गाव कुठलं?" म्हातारीने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अकोला. लांब आहे."

"तिथे पाणी आहे?"

"कमीच आहे."

"तरी जावंसं वाटतं?"

मी हो म्हणाले. तिने मान हलवली. मग अंधार पडेपर्यंत आम्ही समोरच्या इमारतीवर विटा चढताना बघत बसलो.