बुधवारच्या सदरातलं 'ऑब्व्हियसली'

भावजी,

तुम्ही लेकीकडे राहायला गेलात त्याला आठ महिने झाले. फोनवर हवापाण्याखेरीज काही बोलत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्याबद्दलच लिहितेय आणि तुम्हालाच. नाही आवडलं तर फाडून टाका.

एका जागी बसणारे तुम्ही कधी नव्हतातच. विमा कचेरीत दिवसभर टेबलाशी जखडलेले असायचात, त्याचा सूड घरी उगवायचात. जेवण उभ्याने. चहा येरझाऱ्या घालत. वर्तमानपत्राचं आर्थिक सदर बावीस वर्षं लिहिलंत, तेही खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, एका पायावर तोल सांभाळत. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, "याच्या पायालाही भिंगरी आणि डोक्यालाही."

त्या सदरात तुमचा एक लाडका शब्द होता: ऑब्व्हियसली. कर वाढला, ऑब्व्हियसली महागाई भडकणार. मंत्री बदलला, ऑब्व्हियसली धोरण बदलणार. त्याच वर्तमानपत्रात प्रूफं तपासायला मी होते, त्यामुळे दर मंगळवारी संध्याकाळी हा शब्द माझ्याच नशिबी. वर्तमानपत्राच्या कचेरीत तुमचं नावही तेच पडलं होतं. शिपाई येऊन सांगायचा, "बाई, ऑब्व्हियसलींचा मजकूर आलाय."

एकदा मी वैतागून विचारलं, "भावजी, 'उघडच आहे' असं सरळ मराठीत लिहायला काय होतं?"

"वहिनी, 'उघडच आहे' लिहिलं की वाचक म्हणतो, कुठंय, दाखव. ऑब्व्हियसली म्हटलं की गप मान डोलावतो."

"म्हणजे लबाडीच की!"

"सोय म्हणा हवं तर."

त्यावरून आपला नियम ठरला. शब्द दिसला की मी लाल गोल करायचा आणि समासात लिहायचं, 'कोणाला?' मग तुम्ही एक आकडा द्यायचा, किंवा एका माणसाचं नाव द्यायचं, नाहीतर शब्द काढायचा. दहातले आठ तुम्ही मुकाट्याने काढायचात. उरलेल्या दोनांसाठी सगळी लायब्ररी पालथी घालायचात. सदरात वाचण्यासारखी ती दोनच वाक्यं असायची. तेव्हा बोलले नाही, आज सांगते.

मग काचेच्या कारखान्याचं प्रकरण आलं. तिथे भट्टीवर काम करणाऱ्या, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या भट्टीवाल्याने तुम्हाला जिन्यात गाठलं. "साहेब, इथला कारखाना बंद पडणार म्हणतात. पलीकडच्या गावच्या काच कारखान्यातून मला बोलावणं आलंय. जाऊ का?" तुम्ही दोन-दोन पायऱ्या चढत वरून ओरडलात, "बुधवारी वाच!" हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत.

बुधवारी त्याने वाचलं, 'निवडणूक चार महिन्यांवर आलेली असताना ऑब्व्हियसली कोणतंही सरकार हा कारखाना बंद पडू देणार नाही.'

प्रूफावर मी गोल केला होता. 'कोणाला?' लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, 'सगळ्यांना.' हे उत्तर नियमात बसत नव्हतं, हे तुम्हालाही कळत होतं आणि मलाही. पण पान छपाईला जायचं होतं, माझे पाय सुजले होते, मला घर गाठायचं होतं. मी हसले आणि पान सोडून दिलं.

भट्टीवाल्याने तिकडे नकार कळवला. मतदानाला तीन आठवडे असताना कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं.

तुम्ही तडक संपादकांच्या खोलीत शिरलात. मी मागोमाग.

"माझी चूक छापा."

"कसली चूक? आकडा चुकला असता तर छापली असती. अंदाज चुकला. अंदाज काय, सगळ्यांचेच चुकतात."

"अंदाज आहे असं कुठे लिहिलं होतं मी? वाचून दाखवा!"

"अहो, बसा. चहा घ्या."

तुम्ही बसला नाहीत, चहा घेतला नाहीत, आणि पुढच्या मंगळवारी मजकूरही आला नाही. नंतर तुमचं चालणं सुरू झालं. भट्टीवाल्याच्या दारावरून दिवसातून आठ-दहा फेऱ्या. शेवटी त्यानेच हाक मारली. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. मी माझ्याच मनाने राहिलो." आतून त्याची बायको म्हणाली, "खोटं बोलतायत. तुमचं कात्रण अजून भिंतीवर आहे, बघा हवं तर येऊन." तुम्ही आत गेला नाहीत. माझ्याकडे आलात.

पलीकडच्या कारखान्याचा मॅनेजर माझा कॉलेजातला वर्गमित्र. ती जागा अजून रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत राहील, असं मी शोधून काढलं. म्हटलं, पत्र टाकते. तुम्ही म्हणालात, "पत्राला नाही म्हणणं सोपं असतं, वहिनी. समोर जाऊन उभे राहू." पटलं मला. भट्टीवाल्याच्या कामाची तुम्ही अख्खी फाइल केलीत. सकाळी दोघं स्टँडवर आलो. तिकिटं तिथल्या खिडकीवरच काढली. गाडी फलाटाला लागली.

पायरीवर पाय ठेवलात आणि थबकलात. "भट्टीवर त्याला अठरा वर्षं झाली की एकोणीस?"

"काय फरक पडतो? चढा आधी."

"नाही. आता न तपासता मी एक अक्षर बोलणार नाही. आलोच विचारून."

"अहो, गाडी सुटेल!"

"दुसरी असेल की!" म्हणत तुम्ही निघालातही. कंडक्टरने मला विचारलं, "आजी, यायचंय का?" मी म्हटलं, माणूस यायचाय. गाडी गेली. तासाभराने तुम्ही धापा टाकत आलात. "एकोणीस." तोवर दुपारची एकच गाडी उरली होती, ती तिथे कारखाना सुटल्यावर पोचणार. उद्या जाऊ म्हणालात. उद्या तुम्हाला त्या एकोणीस वर्षांचा दाखला हवा होता. परवा दाखल्यावर शिक्का. महिना संपला. भट्टीवाला आता कपड्यांच्या एका दुकानाबाहेर रखवालदार आहे. मला बघून उठून उभा राहतो, ते मला सहन होत नाही.

तुम्हाला बोल लावायला लिहिलेलं नाही. वर्गमित्र माझा होता, भावजी. गाडी समोर उभी होती, तिकीट हातात होतं, फाइल माझ्या काखेत होती. अठरा काय, एकोणीस काय, मी एकटी चढले असते तर दुपारच्या आत त्या वर्गमित्रासमोर उभी असते. चढले नाही. फाइल अजून माझ्याकडेच आहे.