रमामावशींचं विलायती तिकीट

हिंदी मुलखातल्या बनी पार्क कॉलनीत आमच्या शेजारी जयंतीवहिनी राहायच्या. यजमान सरकारी ऑडिटमध्ये, साताऱ्याहून बदलून आलेले. सोबत वहिनींची आई, रमामावशी. लेकीच्या घरी राहतात म्हणून कॉलनीतल्या दोघी-तिघी नाकं मुरडायच्या. मी एकदा फटकारलंच, "तुमच्या ताटातलं खातात का त्या?"

मावशी मूर्तीनं एवढ्याशा, पण आवाज खणखणीत. भाजीवाल्याशी अस्सल सातारी मराठीत हुज्जत घालायच्या. "भैया, ही भेंडी हाय का काठी रं?" तो बापडा हसून कोवळी निवडून द्यायचा.

मावशींचा नवरा, वहिनी पाळण्यात असताना घर सोडून गेला. थोरले दीर म्हणाले, गोसावी झाला. मावशी म्हणायच्या, विलायतेला शिकायला गेले. मला सांगून गेले. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला असं मानणारं ते घर. पुढं एक पत्र आलं, ते दिरांनी चुलीत घातलं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी चुलीत जाण्याआधी पाकिटाचा तिकिटापुरता कोपरा तेवढा फाडून घेतला आणि लेकीच्या लग्नात तिच्या ओटीत घातला. "तुझ्या वडलांचं आहे, जप."

वहिनींनी जपलं, पण मनातून विश्वास नव्हता. काकांच्या घरात वाढलेली पोर. आई भ्रमिष्ट आहे, हेच ऐकत मोठी झालेली. मावशींनी विलायतेचं नाव काढलं की वहिनी विषय बदलायच्या. मला म्हणाल्या होत्या, "आई खोटं बोलते असं वाटतं ना, तेव्हा माझाच मला राग येतो हो."

तिकीट मी पाहिलं होतं. लाल रंग, दाढीवाला राजा, खालच्या अर्ध्या भागावर काळी शाई फासून किंमत बुजलेली. देशाचं नाव कुठंच नाही. वहिनींच्या यजमानांचं मत, हे औषधाच्या बाटलीवरचं लेबल असावं. मोठे आले मत देणारे!

अठ्ठावन्नची संक्रांत. गच्च्यांवर पतंगांचा नुसता धुमाकूळ. समोरचे डॉक्टर नीलकंठ पेंडसे तिळगूळ घ्यायला वहिनींकडे आले. विलायतेत शिकलेले, तिकिटांचे शौकीन. मीच वहिनींना ढोसलं, "दाखवा की! एकदाचा सोक्षमोक्ष होऊ दे." वहिनींनी डबीतून तिकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"लेबलच असेल," त्या आधीच म्हणाल्या. "नाव नाहीये ना कुठल्या देशाचं."

डॉक्टरांनी चष्मा वर करून तिकीट डोळ्यांशी धरलं आणि हसले. "नाव नाही म्हणून तर ओळखलं! बाकी सगळे देश तिकिटावर नाव छापतात, इंग्लंड तेवढं छापत नाही. तिकिटाची प्रथा त्यांनीच सुरू केली, तेव्हा नाव घालायची गरज काय? राजाचं तोंड पुरे." घरी जाऊन आपला आल्बम घेऊन आले. त्यात अगदी तसंच तिकीट होतं, तोच राजा, तोच लाल रंग. "आणि शिक्का बसलाय, म्हणजे पत्राला लागून आलेलं आहे. तिकडूनच टाकलंय कुणीतरी."

वहिनी उठल्या त्या तडक स्वयंपाकघरात. मी मागोमाग. मावशी गुळाच्या पोळ्या लाटत होत्या.

"आई, बाबा विलायतेला पोचले होते. खरंच पोचले होते गं!"

मावशींचं लाटणं थांबलं नाही. "मग मी काय सांगत होते?"

"अगं, आता काकांना, सगळ्यांना कळवू. तुला वेडी म्हणाले ते!"

"म्हणू देत मेल्यांना." मावशींनी पोळी तव्यावर टाकली. पिठाचे हात पदराला पुसले आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "त्यांचं मला काही नव्हतं गं. तूसुद्धा मानत नव्हतीस, तेवढंच लागत होतं."

वहिनी लहान पोरीसारख्या त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. तव्यावरची पोळी मी उलटली.