सरांनी मला दिलेलं पुस्तक

"तू काहून बसली वो? ऊठ. बसाले लॅपटॉपवाले आहेत."

सर हे म्हणाले तेव्हा माझं बोट नुकतंच की-बोर्डावर टेकलं होतं. राळेगावचं आमचं कॉलेज. पायथॉनचं पहिलं प्रॅक्टिकल. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. नवशिक्यानं सुरुवात तिच्यापासून करायची, असं सगळे सांगतात. मी सुरुवातच करत होते.

आमच्या लॅबची रीतच तशी होती. ज्यांच्या घरी लॅपटॉप, तेच कॉलेजच्याही मशीनवर बसायचे. त्यांच्या हाताला सवय असते, त्यांच्याकडून बिघडत नाही, असं सर म्हणायचे. ज्यांच्या घरी काहीच नाही, त्यांनी मागे उभं राहून बघायचं, पडद्यावरची अक्षरं दिसोत न दिसोत. मागे उभे असायचो ते आम्हीच. बौद्धवाड्यातले, पारधी बेड्यावरचे, पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीतला, एक पोरगा.

मी उठले, पण तिथेच घुटमळले. तेव्हा सर मोठ्यानं म्हणाले, "उभ्यानं पाह्यनं. तुही माय आमच्या वावरात दिवसभर वाकून कापूस वेचते. तुले नुसतं उभं राहाले काय झालं?"

सगळा वर्ग हसला. खुर्चीवरचे हसले, आणि माझ्या शेजारी उभे होते त्यांतलेही दोघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं नाव त्या खोलीत यायचं काही कारण नव्हतं.

तरी प्रॅक्टिकल संपल्यावर मी त्याच सरांच्या टेबलापाशी गेले. दुसरं कोण होतं विचारायला? नागपूरची एक कंपनी कापसाचा हंगाम संपता संपता कॉलेजात परीक्षा घ्यायला येणार होती. पास होईल त्याला ट्रेनिंग आणि नोकरी. इकडे मामानं माझ्यासाठी मारेगावकडचं स्थळ आणून ठेवलं होतं. आईनं त्याला एवढंच सांगितलं होतं, "पोरीची परीक्षा होऊ दे. पास निघाली तर पोरगी नागपूरले जाईन. नाही निघाली तर तू म्हणशीन तसं." म्हणजे माझं सगळं त्या एका परीक्षेवर टांगलेलं होतं.

"सर, पहिल्यापासून शिकायचं असंल तर काय वाचू?"

सरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. चांगले व्हिडिओ, सरावाचे प्रश्न, सगळं ते तिथे टाकायचे. खुर्चीवाले सगळे त्यात होते. मी म्हटलं, मलेही घ्या. सर म्हणाले, ग्रुपात जागा नाही. मग उठून त्यांनी कपाट उघडलं, खालच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, धूळ झटकली.

"हे घे. तुह्यासाठी एवढं पुष्कळ."

मी त्यांच्या पाया पडले. हो, पडले. आज आठवलं की अंगाची आग होते.

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. वस्तीत शिरताना सुनीलदादा भेटला. आमच्या वस्तीतून त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला गेलेला पहिला मुलगा तो. आता कापसाच्या जिनिंगवर हमाली करतो. त्यानं पुस्तक हातात घेऊन उघडलं आणि म्हणाला, "सरानं मलेही हेच देलतं. लय घोकलं. मशीनवर गेलं का एक ओळ चालत नव्हती. मंग सोडून देलं. आपलं डोकंच नाही त्यातलं, बाई."

मला त्याचा राग आला. आपल्यातलाच माणूस असं बोलतो? मनात म्हटलं, मी दाखवते.

घरी मशीन नव्हतं. फोन होता, पण काचेला तडे गेलेला आणि आईच्या कामाचा. त्यावर व्हिडिओ लावले तर सगळे फाडफाड इंग्रजीत, आणि पहिलंच वाक्य, आता तुमचा लॅपटॉप उघडा. मग मी माझ्या ओळखीच्या पद्धतीनं शिकले. विहारात आम्ही वंदना जशी पाठ केली तशी. आधी तोंडपाठ करायचं, अर्थ मागाहून उमगतो. पुस्तकातला एकेक प्रोग्राम मी मोठ्यानं म्हणायची आणि चुलीपुढच्या भुईवर खडूनं उतरवायची. आई वेचणीहून यायची, बोंडांनी बोटं फाटलेली असायची. पाण्याचा हंडा घेऊन ती त्या अक्षरांना ओलांडून जायची. पाय पडू द्यायची नाही. "पुसू नको," म्हणायची, "मी जातो बाजूनं."

अख्खं पुस्तक मला पाठ झालं. आजही आहे.

परीक्षेच्या दिवशी मला खुर्ची मिळाली. कंपनीचा नियम होता म्हणून. प्रश्न वाचला आणि हसूच आलं, इतका सोपा होता. भुईवर कितीदा लिहिलेला. मी भराभर टाइप केलं, बटण दाबलं. लाल अक्षरं आली. पहिलीच ओळ चूक. मी ती पुसून परत लिहिली, पुस्तकात होती तशी, अगदी तशीच. लाल. दुसरा प्रश्न घेतला. लाल. आजूबाजूला बोटं खडखड चालली होती आणि मी एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत होते. माझ्या हातून काय चुकतंय हेच मला दिसत नव्हतं. सुनीलदादाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. डोकंच नाही आपलं.

सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाठांतर दांडगं आहे या लोकायचं. डोकं नाही."

कंपनीचा माणूस वाकून माझ्या पडद्याकडे बघत होता. त्यानं कपाळाला आठी घातली. "ये तो बहुत पुराना पायथॉन है. अब ये चलता ही नहीं. किसने सिखाया आपको?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर बघू लागले. तो माणूस पुढच्या मशीनकडे गेला. वेळ संपली.

माझी निवड झाली नाही. लॅब रिकामी झाल्यावर मी पुस्तक घेऊन सरांपुढे उभी राहिले.

"सर, हे चालत नाही हे तुमाले मालूम होतं?"

"मालूम काहून नसंल? मंग ते खालच्या फळीवर कायले पडलं होतं?" ते शांतपणे किल्ल्या उचलत होते. "तुले कुठं कंपनीत जायचं होतं? हौस होती, भागली ना? आण ते इकडं. येत्या वर्षी तुमच्यातलं कोणी ना कोणी येईनच मागाले."

त्यांनी हात पुढे केला.

तोवर मी रडायच्या बेतात होते. तो हात बघितला आणि रडू आटलं. मला सुनीलदादा दिसला, पाठीवर कापसाची गाठ. त्याच्याआधी कुणाला दिलं असेल? माझ्यानंतर कुणाला? आमच्यासाठी ठेवलेलं पुस्तक होतं ते. ते घोकायचं, आपटायचं, आणि आपलंच डोकं नाही असं म्हणत वावरात परत जायचं.

"नाही देत."

"काय म्हणली?"

"नाही देत म्हणलं. हे पुस्तक आता आमच्यातल्या कोणालेच नाही भेटणार."

"कॉलेजचं आहे ते. प्रॅक्टिकलचे मार्क माह्या हातात आहेत, इसरू नको."

"ठेवा हातात."

मी निघून आले. घरी आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चुलीपुढे बसले आणि फडक्यानं भुई पुसली. सगळी. आई म्हणाली, "कायले पुसतं वो? मी तं एवढे दिवस ओलांडून गेलो." तेव्हा मी हमसून रडले.

मग सुनीलदादाकडे गेले. सांगितलं, "दादा, डोकं होतं तुह्यापाशी. पुस्तक मेलेलं होतं." तो म्हणाला, "आता सांगून रायली." त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पाहवेना.

त्यानंतर मी फोनवर एकटीनं शोधत बसले. कळत गेलं ते असं. ही भाषा फुकट आहे. तिच्या स्वतःच्या साइटवर शिकायचं सगळं फुकट आहे. ती फोनवरही चालते. आणि कुठलंही पुस्तक उघडलं की ते कोणत्या पायथॉनचं आहे, जुन्या की नव्या, हे आधी बघायचं, कारण जुन्यातलं नव्यावर चालत नाही. एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी आज नागपूरला असते. सांगायला सरांना किती श्वास लागला असता?

मामाचा फोन दोनदा येऊन गेला आहे. आईनं दिलेला शब्द आहे, आणि मी तो मोडणार आहे. याचं मला वाईट वाटतं, पण मोडणार आहे. ते पुस्तक माझ्याकडेच आहे. वस्तीतलं कुणी कॉलेजात नाव घालायला निघालं की मी आधी ते त्यांच्यापुढे उघडेन आणि म्हणेन, हे ओळखून ठेवा.

उद्या प्रॅक्टिकल आहे. लॅब उघडायच्या आधी मी दारात असेन. आत जाईन आणि पहिल्या मशीनपुढची खुर्ची ओढून बसेन. सर म्हणतील, ऊठ. मी विचारणार आहे, कायले? आणि ते काहीही म्हणोत, उठणार नाही.